टायरला करडईचं तेल

"हे कुणी लावलं बे?"

धोंडीरामने मोटारसायकलच्या पुढच्या टायरवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि पुन्हा विचारलं, "तेल कुणी लावलं याला?"

उत्तरेश्वर मागच्या चाकाशी उकिडवा बसून हवा भरत होता. त्याला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्याने पंप बाजूला ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "म्याच की. दर बेस्तरवारी लावतो. घाण्यावरचं करडईचं हाय, लई चोख. कावून?"

धोंडीराम हा जालन्याहून बीडला येणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर. सरकारी दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली त्याची गाडी थांबायची आणि उतारू गोळा होईपर्यंत तो दवाखान्याच्या डॉक्टरांच्या या मोटारसायकलीभोवती एक चक्कर मारायचा. त्या वेळी बीडमध्ये रबराची माहिती असलेला तो एकटाच माणूस म्हटला तरी चालेल. त्याने टायरच्या बाजूवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. काढल्यावर खळी तशीच राहिली.

"रबराला तेल?" धोंडीराम हळू आवाजात म्हणाला. "अरे, जहर पाजलंस त्याला. रबर म्हंजी काय चामडं हाय व्हय? तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं, आतल्या कापडाला सोडून देतं. हे बघ, हितं फोड आलाय."

डाव्या बाजूला हरभऱ्याएवढा फुगवटा होता. उत्तरेश्वरने तो दोन दिवसांपूर्वीच पाहिला होता आणि चाक तेल पिऊन चांगलं बाळसं धरतंय, असं समजून त्यावर आणखी थोडं तेल चोळलं होतं.

"मग काय हुईल?"

"फुटंल. सपाटीला फुटलं तर उतरून ढकलायची. घाटात फुटलं तर..." धोंडीराम थांबला, कारण दवाखान्याच्या पायऱ्यांवर बुटांचा आवाज झाला होता. "सायबाला सांग. आत्ताच्या आत्ता सांग. म्या सांगितलं तर तेन्ला वाटंल, हा ड्रायव्हर कोण मोठा शाना." आणि तो आपल्या गाडीकडे निघून गेला.

उत्तरेश्वरने फोडावरचं तेल धोतराने पुसलं.

तो मूळचा शिरूरकडचा. त्या कोरड्या मुलखात ज्याच्या विहिरीला पाणी, त्याच्या मोटेला मान. बैलांनी ओढायची ती चामड्याची मोट इतरांची दीड-दोन वर्षांत फाटायची. उत्तरेश्वरची चार चार वर्षं चालायची, कारण तो दर आठवड्याला तिला करडईचं तेल पाजायचा, लेकराला न्हाऊ घालावं तसा. पुढे विहीरच आटली. मोट खुंटीला टांगून तो बायकोला, भिवराबाईला, घेऊन बीडला आला आणि दवाखान्यात चपराशी म्हणून लागला. हैदराबादेहून डॉक्टर सय्यद मुर्तुजा बदलून आले आणि त्यांच्यासाठी सरकारातून मोटारसायकल आली, तेव्हा बाकीचे चपराशी त्या फटफट आवाजाला भिऊन मागे सरले. उत्तरेश्वर पुढे झाला. त्याने टायरला हात लावून पाहिला. काळं, जाड, वाकणारं. मोटेत पाणी भरायचं, यात हवा भरायची, एवढाच काय तो फरक, असं त्याच्या मनाने घेतलं आणि ते कायमचं घेतलं.

पहिली जोडी अठ्ठावीसशे मैलांत झिजून गेली. टायरबरोबर आलेल्या कागदावर पाच हजार मैल लिहिले होते, पण कागद लिहिणाऱ्याने आमचा मुरूम आणि बाभळीचे काटे कुठे पाहिले होते? डॉक्टर चिडले. नवी जोडी घ्यायला ते उत्तरेश्वरला जालन्याला घेऊन गेले आणि तू निवड म्हणाले. बाजारात कातडं निवडावं तसे त्याने टायर निवडले. दाबून, वाकवून, हातात सगळ्यात मऊ लागेल ते. दुकानदार हसला. उत्तरेश्वर मात्र भर दुकानात म्हणाला होता, "साहेब, ही जोडी पाच हजार मैल चालवून दावतो. न्हाई चालली तर माझी नोकरी काढून घ्या."

आता ते शब्द त्याला आठवले. खोटं कशाला सांगा, त्याला आधी नोकरी आठवली, डॉक्टर नंतर आठवले. या गोष्टीची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

"उत्तरेश्वर, चल जल्दी!" डॉक्टर टोपी घालत खाली आले. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. मराठी ते रोग्यांकडूनच शिकले होते आणि घाईत असले की हैदराबादी बोली मध्ये घुसायची. "लिंबागणेशला पटकी लागलीय. कालपासून सात जण पडले, दोन गेले. लाल दवा घे, मिठाच्या बाटल्या घे."

"साहेब..." उत्तरेश्वर म्हणाला.

"क्या?"

सांगितलं तर मोटारसायकल राहिली. मग टांगा जोडायचा. घाट चढून टांगा पोचेपर्यंत दिवस मावळणार, आणि पटकीचा माणूस एवढा वेळ थांबत नाही. हे खरंच होतं, आणि उत्तरेश्वरने या खऱ्याच्या आड आपलं भ्यालेलं तोंड लपवलं.

"काई न्हाई साहेब. पेटी बांधतो."

तो मागच्या गादीवर बसला, औषधाची पेटी मांडीवर घेतली आणि डॉक्टरांच्या खांद्यावरून पुढच्या चाकाकडे पाहू लागला. चाक फिरत असताना फोड काही दिसत नाही. तरी त्याला तो प्रत्येक फेऱ्यात दिसत होता. वाटेत दगड आला की त्याचे डोळे मिटायचे आणि चाक पार झालं की उघडायचे. मांजरसुंब्याचा घाट लागला तसा तो परळीच्या वैजनाथाला नवस बोलला. पहिल्या वळणावर नारळ, दुसऱ्यावर पाच नारळ, तिसऱ्यावर अभिषेक. चौथ्या वळणावर दरी अगदी पायाखाली आली, तेव्हा नवसाला काही उरलंच नाही. तो नुसता "देवा, देवा" करत राहिला.

डॉक्टर मजेत होते. त्यांनी मैल मोजायच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि मान मागे वळवून ओरडले, "देखो! या जोडीचे एकोणतीसशे झाले. पहिली जोडी मागे पडली! तेरे हाथ में कुछ तो है रे!"

"साहेब, म्होरं बघा!" उत्तरेश्वर किंचाळला. डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, हा घाटाला भितोय.

घाट चढून गेले. टायर टिकला. लिंबागणेशात पोचल्यावर उत्तरेश्वर पेटी घेऊन खाली उतरला.

मग दिवसभर मान वर करायला सवड मिळाली नाही. विहिरींत लाल दवा टाकायची, पाणी उकळायचं, घराघरांत जाऊन मिठाचं पाणी द्यायचं. बायनाबाई नावाच्या म्हातारीचा गहिनीनाथ हा एकुलता एक पोरगा, जवान गडी, सकाळी डोळे खोल जाऊन पडला होता. डॉक्टर त्याच्याजवळ तास दीड तास बसले. शिरेतून मिठाचं पाणी गेलं तसा दुपारी त्याने डोळा उघडला आणि पाणी मागितलं. बायनाबाई डॉक्टरांच्या पाया पडली. तेवढ्याने तिचं मन भरेना, म्हणून हळद-कुंकवाचा करंडा घेऊन ती मोटारसायकलीकडे आली आणि पुढच्या चाकाला कुंकू लावून तिने हात जोडले.

"हिच्यावर बसून देव आला गं बाई," ती म्हणाली.

उत्तरेश्वर शेजारीच उभा होता. कुंकवाच्या बोटाखाली त्याने पाहिलं. सकाळी हरभऱ्याएवढा असलेला फोड आता आवळ्याएवढा झाला होता आणि त्याच्या कडेला चीर पडली होती.

चारच्या सुमारास मिठाच्या बाटल्या संपल्या. तोपर्यंत अकरा जण पडले होते. "बीडहून माल घेऊन लगेच परत यायचं," डॉक्टर म्हणाले. "चल."

उत्तरेश्वर बसला. मांजरसुंब्यापर्यंत सपाटी होती. तिथपर्यंत त्याने दात आवळून धरले. घाटाच्या तोंडाशी रस्ता खाली वळला, पलीकडे उन्हात बीडचा सगळा मुलूख पसरलेला दिसला आणि त्याच्यातला सगळा धीर एकदम सुटला. त्याने मागून डॉक्टरांचे दोन्ही खांदे पकडले.

"थांबवा साहेब! थांबवा! तुमच्या पाया पडतो!"

गाडी थांबली. उत्तरेश्वर उतरला आणि रस्त्यातच खाली बसला. मग त्याने सगळं सांगितलं. तेल, दर बेस्तरवार, धोंडीराम, फोड. सांगताना तो डॉक्टरांकडे पाहत नव्हता.

डॉक्टर वाकले. त्यांनी फोड पाहिला, चीर पाहिली, बोट लावून वास घेतला.

"किती दिवस लावतोस?"

"सा म्हैने."

"और सुबह तेरे को मालूम था?"

"व्हय साहेब."

"तरी मला घाट चढवलास."

डॉक्टर दरीकडे वळले. त्यांनी हात उचलला असता तर उत्तरेश्वरला बरं वाटलं असतं.

"चालत जाऊ साहेब," तो शेवटी म्हणाला. "गाडी म्या ढकलतो."

"चालत गेलो तर दिवस बुडतो. मग टांगा, मग पुन्हा घाट. अकरा जण पडलेत तिथे. त्यांना काय सांगू, चपराशानं टायरला तेल लावलं?" डॉक्टरांनी टोपी घट्ट केली. "थोडी हवा काढ. पेटी तू घे. दोघांचं वजन नक्को. मी एकटा जातो, हळू, डोंगराच्या अंगानं."

"साहेब, नका जाऊ!"

"हवा काढ."

त्याने हवा काढली. मोटारसायकल पहिल्या वळणाआड गेली आणि उत्तरेश्वर पेटी डोक्यावर घेऊन धावत सुटला.

तो तसा चाळिशीचा गडी, धावायची सवय सुटून वर्षं झालेली. पण त्या दिवशी तो वळणं तोडत, निवडुंगातून, घसरत, अनवाणी धावला. एक वहाण वरच राहिली होती, दुसरी त्यानेच फेकली. इंजिनाचा आवाज खालून येत होता. आवाज येत होता तोवर डॉक्टर जिवंत होते, एवढंच त्याला कळत होतं. वाऱ्याने आवाज तुटला की तो कान देऊन थबकायचा, पुन्हा आला की तो रडत रडत पळायचा. आता नवस नाही, देव नाही. त्याला नुसतं ऐकायचं होतं.

फुटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. पोतं फाटावं एवढाच झाला. मग पत्र्याची खरखर झाली आणि सगळं गप्प झालं.

उत्तरेश्वर थांबला. खरं तर त्याने आणखी जोरात धावायला हवं होतं. पण पाय उचलेनात. पुढच्या वळणापलीकडे काय असेल ते जोवर पाहिलेलं नाही तोवर डॉक्टर मेलेले नव्हते. असा तो किती वेळ उभा होता, कोण जाणे. मग वरच्या साळुंक्यांनी उडून कलकलाट केला आणि तो भानावर आला.

खालून तिसऱ्या वळणावर मोटारसायकल डोंगराकडच्या नालीत आडवी पडली होती. पुढच्या चाकावरून रबर सोललं गेलं होतं आणि आतलं कापड बाहेर लोंबत होतं. डॉक्टर रस्त्याच्या कडेला बसले होते. उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला होता. मनगट भलतीकडेच वळलेलं होतं.

"रडू नको," ते म्हणाले. "बैलगाडी बघ कुणाची."

बैलगाडी मिळाली. बीडला पोचल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताला पट्टी बांधायच्या आधी कंपाउंडरला माल देऊन टांग्याने वर धाडलं. लिंबागणेशात त्यानंतर दोन माणसं गेली. मोटारसायकल धड पोचली असती तर ती वाचली असती का, हे कुणालाच सांगता आलं नसतं. उत्तरेश्वरला मात्र ते विचारायचंही धाडस झालं नाही.

आठ दिवसांनी अपघाताबद्दल सरकारकडे पाठवायचा कागद तयार झाला. दवाखान्याचे कारकून सुंदरराव उर्दूत लिहीत होते. डॉक्टरांचा हात गळ्यात अडकवलेला होता, म्हणून ते सांगत होते. साक्षीदार म्हणून उत्तरेश्वरचा अंगठा लागणार होता. सुंदररावांनी लिहिलेलं त्याला मराठीत वाचून दाखवलं: घाटात टोकदार दगडावर चाक चढल्याने टायर फुटला.

उत्तरेश्वरने शाई लावलेला अंगठा तसाच हवेत धरला.

"दगड नव्हता," तो म्हणाला.

सुंदरराव कावले. "अरे, साहेब तुला वाचवतायत. ठेव अंगठा आन् गप बस."

"दगड नव्हता, रावसाहेब. तेल होतं. म्या लावलं होतं."

डॉक्टरांनी मान वर केली. घाटापासून ते त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. "नोकरी जाईल, उत्तरेश्वर."

"जाऊ द्या. पर लिवा साहेब." तो शूर झाला होता असं अजिबात नाही. भिवराबाईला काय सांगायचं हे त्याला सुचत नव्हतं. "आता दुसऱ्या गावच्या दवाखान्यात बी या गाड्या येणार म्हणत्यात. तितं बी माझ्यावाणीच कुणी मोटेचा माणूस आसंल. चांगलं व्हावं म्हून तेल लावील. तेला कोण सांगणार?"

सुंदररावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर डाव्या हाताने टेबलावरची टाचणी इकडून तिकडे सरकवत राहिले. मग म्हणाले, "लिखो. जैसा बोल रहा, वैसा लिखो."

महिन्याने हुकूम आला. उत्तरेश्वरला कमी केलं होतं. तोवर डॉक्टरांची पट्टी सुटली होती, पण मनगट ताठ राहिलं. त्या हाताने ते पुढे नाडी पाहत, दवा लिहीत, पण चाकू काही धरता येईना. कापाकापीचा रोगी आला की त्याला औरंगाबादेला पाठवायचे, आणि रोगी गेला की बराच वेळ आपली बोटं उघडमीट करत बसायचे.

हुकूम वाचून दाखवल्यावर त्यांनी उत्तरेश्वरला आत बोलावलं. "जाण्याआधी एक काम कर. जालन्याला जाऊन टायर निवडून आण. दोन्ही."

"म्या?" उत्तरेश्वर मागे सरला. "न्हाई साहेब. मला न्हाई जमायचं. हे बघा, नुसतं नाव काढलं तर हात कापाया लागले."

"म्हणूनच," डॉक्टर म्हणाले. "दुसरा कुणी गेला तर दुकानदार देईल ते घेऊन येईल."

जालन्याच्या दुकानात उत्तरेश्वर दोन तास बसला. धोंडीरामने त्याला बीडहून येताना गाडीत सगळं समजावलं होतं. रबर किती दिवस दुकानात पडलंय ते बघ. बाजू वाकवून बारीक चिरा बघ. नखाची खूण उमटून लगेच बुजली पाहिजे. तेलापासून लांब ठेव, उन्हापासून लांब ठेव. उत्तरेश्वर एकेक टायर उजेडाला नेत होता, वाकवत होता, ठेवत होता आणि पुन्हा पहिलाच उचलत होता. प्रत्येक टायरवर त्याला डॉक्टर बसलेले दिसत. दुकानदाराने कंटाळून एक टायर पुढे केला. काळाभोर, तोंड दिसावं असा चकचकीत. उत्तरेश्वरने तो नाकाशी नेला आणि दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवला. तेल चोळून चमकवलेला जुना माल होता. शेवटी त्याने मागच्या फळीवरचे, कारखान्यातली पांढरी भुकटी अजून अंगावर असलेले, मळकट दिसणारे दोन टायर घेतले. तरी दुकानाच्या पायऱ्या उतरताना त्याने त्यांची बाजू आणखी एकदा तपासली.

सर्व्हिस मोटारीत आत व्यापाऱ्यांचे तेलाचे डबे होते. धोंडीराम म्हणाला, "ठेव की खाली, डबे बंद हायेत."

"न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला आणि टायर घेऊन टपावर चढला.

चैताचं ऊन होतं. गाडी अंबड सोडून पुढे गेली तसं रबर हाताला कोमट लागलं. त्याने पाच-दहा मिनिटं कळ काढली. मग डोक्याचा पटका सोडला, त्याचे वेढे उलगडले आणि दोन्ही टायर नीट, कुठे फट राहू नये असे, झाकून घेतले. कडेची टोकं त्याने मांडीखाली दाबून धरली. ऊन थेट टाळूवर उतरलं.

गेवराईला गाडी थांबली. वडाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्याने वर पाहिलं. भरदुपारी बोडक्या डोक्याने बसलेला माणूस, मांडीवर कापडाने झाकलेलं काहीतरी. म्हातारा उठून गाडीजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कोण गेलं रं बाबा?"

"कुणी न्हाई गेलं," उत्तरेश्वर म्हणाला. "टायर हायेत. ऊन लागू नये म्हून झाकलेत."

म्हाताऱ्याला ते काही समजलं नाही. त्याने आपले दोन्ही हात जोडले आणि गाडी सुटेपर्यंत तो तसाच उभा राहिला.